‘पेट्रोल संपला काय रे?’ : पाण्याखालच्या स्कूटरबद्दल मालवणच्या स्कुबावाल्यांना खुले पत्र

प्रति,
मालवण, दांडी, तारकर्ली आणि देवबाग इथले सगळे स्कुबा व्यावसायिक,
तसेच साहसी पर्यटनाच्या परवान्यांवर सही करणारे सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मला पत्रं लिहायची सवय नाही. आपल्या धंद्यात बोलणं होतं ते जेट्टीवर, टाक्या उतरवता उतरवता, आणि वाक्य अर्ध्यात असतानाच पुढची पार्टी येते. मागे ग्रुपवर हा विषय काढला तेव्हा दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला आणि लगेच ‘कोणाकडे एक्स्ट्रा वेट बेल्ट आहे का’ हा मेसेज आला. म्हणून हे असं उघड आणि सविस्तर. नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला. गणपती उठले की पार्ट्या सुरू होतील, मग कोणालाच वेळ नसेल.

विषय स्कूटरचा. रस्त्यावरची नव्हे, पाण्याखालची. दोन्ही हातांनी धरायची, बॅटरीवर चालणारी, पंखा पाणी मागे फेकतो आणि आपण पुढे ओढले जातो ती. गेल्या सीझनला आपल्याकडे मी अशा चार बघितल्या. एक पुण्याहून आलेल्या गेस्टची स्वतःची होती. एक माझी. उरलेल्या दोन पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांच्या हातात होत्या, आणि हे पत्र त्या दोन स्कूटरमुळे आहे.

आधी एक कबुली देतो, म्हणजे ‘हा जुन्या वळणाचा, याला नवीन काही नको’ असं कोणी म्हणायला नको. स्कूटर मला आवडते. दोन वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका मित्राकडून मी सेकंडहँड घेतली. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला सात-आठ मीटरवर ती चालू केली आणि लहानपणी उतारावर सायकलचे पाय सोडून द्यायचो तसं वाटलं. फिन, म्हणजे पायातली वल्ही, न मारता खडक सरकतोय, श्वास शांत आहे, पोटऱ्या मोकळ्या आहेत. बारा वर्षं मी हे पाणी पायांनी ढकललंय, त्यामुळे त्या सुखाची किंमत मला कळते.

आणि त्याच स्कूटरने पुढच्याच महिन्यात मला माझी जागा दाखवली.

फेब्रुवारी होता, अमावास्येनंतरचे उधाणाचे दिवस. पाणी स्वच्छ, म्हणजे आपल्या मानाने स्वच्छ, सहा-सात मीटर दिसत होतं. पार्टी नव्हती. मी आणि होडीवर माझा चुलतभाऊ, एवढेच. अकरा मीटरवर एक वागळी, म्हणजे पंखांचा चपटा मासा, वाळूतून उठली आणि संथ पंख हलवत पश्चिमेला निघाली. मी ट्रिगर दाबला आणि तिच्या मागे लागलो. मध्ये मध्ये गेज बघत होतो. हवा भरपूर, टाकीतला दाब १३० बार. मनात म्हटलं, एवढी हवा आहे म्हणजे फार काही लांब आलेलो नाही.

इथेच चूक होती, आणि ती नीट सांगतो. आपण फिन मारून जातो तेव्हा हवा आणि अंतर यांची जोडी असते. जेवढं लांब जाऊ तेवढं दमतो, जेवढं दमतो तेवढा श्वास जास्त, तेवढी टाकी रिकामी. त्यामुळे गेजवरचा काटा आपल्याला हवेबरोबर अंतरही सांगत असतो, हे मला इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं. स्कूटर ही जोडी तोडते. पोहणारा माणूस फिन मारून तासाला जेमतेम दीड किलोमीटर जातो. साधी स्कूटर चार ते पाच किलोमीटर नेते, आणि तेही तुम्ही झोपल्यासारखा श्वास घेत असताना. दहा मिनिटांत मी पाऊण किलोमीटर गेलो होतो. शिवाय ओहोटी मला त्याच दिशेला ढकलत होती, ते वेगळंच.

वागळी निसटली. मी वळलो, आणि थोड्या वेळाने बॅटरीचा दिवा लाल झाला. मग पंखा थांबला. आता हातात तीन-साडेतीन किलोचं एक प्लॅस्टिकचं धूड, समोरून पाण्याची ओढ, आणि मी फिन मारतोय. खाली एक फाटलेल्या कानासारखा खडक होता, त्यावर नजर ठेवली. दहा मिनिटं मारले पाय. खडक तिथेच. उधाणाच्या ओहोटीला तासाला दीड किलोमीटरच्या आसपास ओढ असली की दीड किलोमीटरच्या पायांनी काय होणार, हे गणित पाण्याखाली फार लवकर समजतं.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, सॉसेज, म्हणजे आपण कुठे आहोत ते दाखवणारा लांबट फुगा, सोडलं, वर आलो. आपली होडी काडेपेटीएवढी दिसत होती. चुलतभाऊ दुसरीकडेच बघत होता, कारण मी नेहमी जिकडे वर येतो तिकडे तो बघत होता. मला उचललं सर्जेकोटच्या एका पातीने, म्हणजे मासेमारीच्या होडीने. जाळं ओढून परत जात होते. म्हातारा तांडेल माझ्याकडे बघतो, हातातल्या स्कूटरकडे बघतो आणि म्हणतो,

“पेट्रोल संपला काय रे?”

सगळी पात हसली. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

बारा वर्षं रोज या पाण्यात उतरणारा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस हा असा फसतो. आता पुढचं ऐका.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, किल्ल्याच्या मागे एकाच वेळी किती होड्या असतात ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या शेजारच्या होडीवरून एक वीसेक वर्षांची मुलगी उतरली. कोणाची होडी ते लिहीत नाही, आणि कोणी ओळखलं तरी ग्रुपवर नाव टाकू नका. पहिलीच डायव्ह. आपण सगळे करतो तसंच गाईड मागून टाकीचा व्हॉल्व्ह धरून होता, बीसीडीची, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटची, बटणं त्याच्याच हातात. समोर कॅमेरावाला. सहा मीटर पाणी. खाली गेल्यावर तिच्या हातात स्कूटर दिली, रीलसाठी. कॅमेरावाल्याने खूण केली, वर बघ. ती वर बघायला गेली आणि तिच्याबरोबर स्कूटरचं तोंडही वर झालं. पंखा चालूच.

गाईडच्या हातातून व्हॉल्व्ह सुटला. तो चांगला पोरगा, दोन किक मारून त्याने तिचा फिन पकडला, दोन मीटरवर असेल तेव्हा. ती वर आली ती मास्कमध्ये रक्त घेऊन. नाकातून आलेलं. होडीत बसून तिने अंगठा दाखवला. मजा आली म्हणत होती. बिचारीला माहीत नव्हतं काय टळलं ते.

काय टळलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. हिशेबाला आठ मीटर धरू. तिथे पाण्याचा दाब धरून एकूण १.८ बार असतो. तिथे रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या हवेच्या तोटीतून, छाती भरून पाच लिटर हवा घेतली आणि श्वास रोखून धरून वर आलो, तर त्याच हवेला पृष्ठभागावर नऊ लिटर जागा लागते. छातीत नऊ लिटर मावत नाही. आपण सगळ्यांना उतरण्याआधी ‘श्वास रोखू नका’ म्हणून घसा कोरडा करून सांगतो ते याचसाठी. नेहमीच्या डायव्हला ही चूक झाली तरी गाईडचा हात मागे असतो, आणि वर यायचा शिकवलेला वेग मिनिटाला नऊ मीटर. म्हणजे आठ मीटर यायला जवळजवळ एक मिनिट. स्कूटर सेकंदाला सव्वा मीटर नेते. आठ मीटर सहा-सात सेकंदांत. ‘अरे’ म्हणायला तोंडातला रेग्युलेटर काढावा लागला असता, तोवर वर.

कोणी म्हणेल, स्कूटरला सुरक्षा आहे, बटण सोडलं की थांबते. बरोबर आहे. बऱ्याच लहान स्कूटरना तर दोन्ही हातांची दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पंखा फिरतो. पण घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, आवळतो. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाच्या दंडावर याची खूण आहे.

आणि दोन्ही हात स्कूटरवर असले तर कान कोण इक्वलाइज करणार, म्हणजे कानातला दाब कोण सारखा करणार? नाक दाबायला हात लागतो. मास्कमध्ये पाणी आलं तर हात लागतो. ‘कान दुखतोय’ ही खूण करायलासुद्धा हातच लागतो. पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या माणसाकडे बोलायला दुसरं काही नसतं हो. हात हीच त्याची वाचा, आणि आपण तीच पकडून ठेवतो.

तर माझं म्हणणं असं आहे. स्कूटर पर्यटकाला द्यायची नाही, डायव्हरला द्यायची. या दोन शब्दांत फरक आहे, आणि तो आपण पैशापायी पुसायला निघालोय.

डायव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी या संस्थेने स्कूटरसाठी वेगळा स्पेशालिटी कोर्स ठेवलाय. त्यात बसायला आधी ओपन वॉटर झालेलं हवं, वय किमान बारा, आणि दोन डायव्ह स्कूटरवर करून दाखवायच्या. आणि ओपन वॉटर म्हणजे काय, तर मोकळ्या पाण्यात चार डायव्ह, मास्क काढून घालणं, रेग्युलेटर सुटला तर शोधणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात-पाय न हलवता एका पातळीवर तरंगत राहणं. आपल्याकडे येणारा गेस्ट डिस्कव्हर स्कुबा करतो. तो अनुभव आहे, कोर्स नव्हे. पातळी त्याने नाही, त्याच्या मागच्या माणसाने सांभाळलेली असते. अशा माणसाच्या हातात मोटर देणं म्हणजे ज्याला उभं राहता येत नाही त्याला धावायच्या पट्ट्यावर उभं करणं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. बाजूचा देतोय, मी नाही दिली तर पार्टी त्याच्याकडे जाईल. हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे ब्रेडचं उदाहरण आहे.

आठवतंय का, आधी कोणी ब्रेड नेत नव्हतं. मग एकाने पाण्याखाली पाव कुस्करला, मासे तोंडाभोवती गोळा झाले, व्हिडिओ झकास आला. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या बीसीडीच्या खिशात पाव. आज माझ्यासकट कोणाला बंद करता येतोय? मासे आता हात बघितला की येतात, रिकामा असला तर बोट चावतात. गेस्ट आधी विचारतात, “मासे येणार ना?” आपणच लावलेली सवय, आणि आता आपणच तिचे नोकर. स्कूटरचं अजून तसं झालेलं नाही. दोनच आहेत. तीन सीझन गेले की प्रत्येक बोर्डावर ‘स्कूटर फ्री’ लिहिलेलं असेल आणि मग हे पत्र लिहून काही उपयोग नाही.

आता पाण्यातल्या बाकीच्या रहिवाशांबद्दल.

आपण जिथे डायव्ह मारतो ते कुरटे बेटाभोवतीचं, म्हणजे किल्ला ज्यावर उभा आहे त्या बेटाभोवतीचं, पाणी अभयारण्य आहे, हे आपण गेस्टला अभिमानाने सांगतो आणि मग विसरून जातो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. त्यातला तीन चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगड धरून. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. वाघाच्या अंगावर पंखा लावायला कोणी जाणार नाही, पण प्रवाळाच्या डोक्यावर अर्ध्या मीटरवरून स्कूटर जाताना मी बघितली.

पंखा नुसता आपल्याला पुढे ओढत नाही, तेवढंच पाणी मागे फेकतो. गोल वळताना, खाली उतरताना ती धार तळाला लागते. आपला तळ वाळू आणि गाळाचा. पावसाळ्यात नद्यांनी आणून टाकलेला गाळ दिवाळीपर्यंत खाली बसतो, म्हणून तर तेव्हापासून पाणी उघडतं. एका स्कूटरने एका वळणात तो उठवला की धुकं होतं. मागून येणाऱ्या चार गेस्टना काही दिसत नाही हा धंद्याचा तोटा. प्रवाळाचा तोटा वेगळा. त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं, आणि अंगावर गाळ बसला की त्याला स्वतःच चिकट स्राव सोडून तो झटकावा लागतो. रोज सकाळपासून दुपारपर्यंत अंगण झाडत बसलं तर माणूस जेवण कधी करणार? हे दगडासारखे गोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढले तरी खूप. तुमच्या फिनने तुटलेला फुटबॉलएवढा तुकडा तुमच्या जन्माच्या आधीचा असू शकतो.

जाळ्यांचं तर कोणी बोलतच नाही. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांना तुटलेली तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी किती अडकलेली असतात ते रोज उतरणाऱ्याला माहीत आहे. फिन अडकला तर पाय थांबवून, मागे सरकून, सुरीने सोडवता येतो. पंख्यात तंगूस गेला तर तो आधी दोन मीटर गुंडाळतो आणि मग थांबतो. त्या दोन मीटरमध्ये तुमचा ऑक्टोपसचा, म्हणजे राखीव रेग्युलेटरचा, पाइप असू शकतो, बीसीडीचा लोंबणारा पट्टा असू शकतो, मोकळे सोडलेले केस असू शकतात. संरक्षक जाळी बसवलेला पंखाही बारीक दोरी आत घेतो. मी माझ्या पंख्यातून अशी दोरी काढली आहे, होडीवर बसून, चिमट्याने, पाऊण तास.

मग ही वस्तू चांगली कशाला? सांगतो, कारण नुसतं नको नको म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

माझ्याकडे दरवर्षी एक गेस्ट येतात, पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय जवळजवळ निकामी. ओपन वॉटर केलेलं, पन्नासच्या वर डायव्ह झालेल्या. पाण्यात त्यांची पातळी माझ्यापेक्षा स्थिर असते. त्यांचा त्रास एकच, एका पायाने फिन मारताना ते गोल फिरतात आणि अर्धी ताकद सरळ राहण्यात जाते. त्यांच्या हातात मी स्कूटर दिली. सगळ्यात हळू वेग. अर्ध्या तासाने वर आले तेव्हा होडीची कड धरून काही वेळ तसेच राहिले. मला वाटलं दम लागला. दम नव्हता लागला. “आज पहिल्यांदा मी कोणाच्या मागे नव्हतो,” म्हणाले.

गुडघे गेलेल्या जुन्या डायव्हरसाठी, प्रवाळांच्या सर्वेक्षणात लांबच लांब रेषा मोजायला, अडकलेली जाळी हुडकायला, कोणी हरवलं तर शोधायला ही वस्तू सोन्यासारखी आहे. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये डायव्हर किलोमीटरच्या किलोमीटर आत जातात ते स्कूटरवरच. पण ते लोक कसे जातात बघा. हवेचा एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. बॅटरीचंही तसंच. स्कूटर बिघडली तर जोडीदाराच्या मागे ओढून घ्यायचा सराव आधी केलेला. आणि मनात एक हिशेब कायम चालू, स्कूटर आत्ता बंद पडली तर मी पायांनी परत जाऊ शकतो का?

हा शेवटचा प्रश्न मी आता होडीच्या आतल्या फळीवर मार्करने लिहून ठेवलाय. ओढीच्या विरुद्ध निघायचं म्हणजे परतताना पाणी आपलं. जोडीदाराकडे पण स्कूटर हवी आणि त्याच वेगाची, नाहीतर दोन मिनिटांत तो पाच-सात मीटरच्या पल्ल्याबाहेर जातो आणि आपल्या पाण्यात बाहेर म्हणजे गायब. तळापासून निदान दोन मीटर वर. वर येताना स्कूटर बंद, पायांनी यायचं.

बॅटरीबद्दलही दोन शब्द, कारण आपल्याकडे लाईट जाते. अर्धी चार्ज झालेली बॅटरी पूर्ण समजून नेणं हा मालवणातला खरा धोका आहे. होडीच्या टपावर भर उन्हात ठेवू नका, खारं पाणी लागलेल्या पिना पुसून सुकवल्याशिवाय चार्जरला लावू नका. झाकणाच्या ओ-रिंगवर एक केस राहिला तरी आत पाणी जातं. आणि गेस्ट विमानाने चिपी किंवा मोपाला उतरून स्वतःची स्कूटर आणणार असेल तर त्याला आधीच सांगा, १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वरची प्रवासी विमानात घेतच नाहीत. नाहीतर तो बॅटरीशिवाय येतो आणि मग कोणाची तरी जुळते का बघत आपल्या दारात फिरतो. जुळणारी बॅटरी म्हणून दुसऱ्या कंपनीची घालू देऊ नका.

आता अधिकारी साहेबांसाठी. तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर आभार.

२०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी आली, ती चांगली झाली. पण तपासणीला येता तेव्हा लाइफ जॅकेट मोजता, टाक्या बघता. त्या यादीत एक ओळ वाढवा, पाण्याखालची स्कूटर आहे का, आणि कोणाला दिली जाते. बंदी मागत नाही. बंदी घातली की ती वस्तू टपाखाली जाते आणि संध्याकाळच्या शेवटच्या ट्रिपला बाहेर येते, एवढा आपला अनुभव आहे. मागणी एवढीच की स्कूटर हातात घेणाऱ्याचं ओपन वॉटरचं कार्ड बघितलं पाहिजे, त्याची नोंद रजिस्टरमध्ये राहिली पाहिजे, आणि किल्ल्याभोवतीच्या उथळ प्रवाळांवर कार्ड असो वा नसो, कोणीही स्कूटर चालवू नये. होडीवर ऑक्सिजनचा किट आहे का तेही बघा, टाक्यांच्या आधी. आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली, कुठे आहे, तिथला फोन कोण उचलतो, हे प्रत्येक जेट्टीवर मोठ्या अक्षरात मराठीत लावा. आज हा प्रश्न दहा गाईडना विचारला तर दहा उत्तरं येतील. त्यातलं एक माझं असेल.

हे आत्ताच का, त्याचं कारण निवती रॉक हा समुद्रातला खडक. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेली युद्धनौका आयएनएस गुलदार, सुमारे ८४ मीटर लांबीची, तिथल्या समुद्रतळाशी उतरवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. जहाज खाली असेल तिथे कार्डवाले डायव्हर येतीलच, आणि त्यांच्यातले बरेच स्वतःची स्कूटर घेऊन येतील. तिथे ती शोभेल. खोल पाणी, ओढ, लांबलचक जहाज. पण बाहेरून. आत शिरायचं तर स्कूटर बाहेर बांधून ठेवायची, कारण बंद खोलीतला गंज आणि गाळ उठला की दार कुठे होतं ते दार बघितलेल्यालाही सापडत नाही. निवतीसाठी नियम लिहायला बसाल तेव्हा आमच्यातल्या चार जणांना बोलवा. चहा आमचा.

आणि माझ्या भावंडांनो, तुमच्यासाठी एक प्रस्ताव. गणपती उठल्यावर पहिले भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस बघून मी तारीख ग्रुपवर टाकतो. सकाळी सात वाजता दांडीच्या किनाऱ्यावर, पाणी छातीएवढं असेल तिथे. माझी स्कूटर आणतो, दोन्ही बॅटऱ्या रात्रभर चार्ज करून. ज्याला आपल्या गेस्टला स्कूटर द्यायची आहे त्याने आधी स्वतः एकदा मास्कमध्ये पाणी भरून, ट्रिगर न सोडता, ते काढून दाखवावं. त्या नाताळातल्या गाईडलाही मी बोलावलंय. तो येतो म्हणालाय.

आपला,
दांडीवरचा एक डायव्ह गाईड